थाई भाषेची दुसरी पायरी

वरूडसारख्या संत्र्यांच्या गावी परभाषा म्हटली की हिंदी व इंग्रजी यांपलीकडे वडील मंडळींची दृष्टी सहसा जात नाही. घरातील मुलाने अगर मुलीने उद्या ‘मला विद्यापीठात जाऊन थाई शिकावयाची आहे’ असे म्हटले, तर माजघरापासून ओसरीपर्यंत एकच प्रश्न उठेल : तिचा उपयोग काय? आमच्या मते त्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : शिकणारा कोठवर जाणार? पहिले चार धडे हल्ली मोबाइलच्या पडद्यावर घरबसल्या मिळतात. विद्येची खरी कसोटी त्यानंतर लागते.

पहिली पायरी अवघड आहे ती सुरांमुळे. थाईत पाच सूर आहेत. ‘मा’ हे अक्षर सपाट सुरात उच्चारले तर ‘येणे’, उंच सुरात ‘घोडा’, आणि खालून वर चढविले तर ‘कुत्रा’! व्यंजनाक्षरे 44, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही. रोजच्या व्यवहारातील शब्द बहुधा एकाक्षरी व त्यांचे स्वतःचे; तेथे आमचे संस्कृत फारसे कामी येत नाही.

दुसऱ्या पायरीवर मात्र ओळखीचे चेहरे भेटू लागतात. गुरू तो ‘ख्रू’, वैद्य तो ‘फेत’, सप्ताह तो ‘सप्दा’. विद्यापीठास ‘महाविथ्यालाय’ म्हणतात आणि बँकेस ‘थनाखान’, म्हणजे धनागार. टेलिफोन हा ‘थोरसप’, अर्थात् दूरशब्द. 1889 साली राजपुत्र देववोङ्स यांनी महिन्यांची नावे राशींवरून बसविली : एप्रिल मेषेचा म्हणून ‘मेसायोन’, मे वृषभेचा म्हणून ‘फ्रुत्सफाखोम’. भेटीअंती म्हणावयाचा ‘सवात्दी’ हा शब्दही ‘स्वस्ति’वरून, 1917 साली स्थापन झालेल्या चुलालोङकोर्न विद्यापीठातील एका अध्यापकांनी, फ्रया उपकित सिल्पसान यांनी, प्रचारात आणिला. ज्या घरात पंचांग रोज उघडले जाते, तेथील विद्यार्थ्यास हे सारे पाहून आपण माहेरीच आलो असे वाटल्यास नवल नाही.

परंतु धोका आहे तो येथेच. शब्द आपला असला तरी अर्थ आपला राहिलेला नसतो. ‘मोहो’ म्हणजे मोह नव्हे, राग. ‘सत्’ हे लिहिताना सत्त्व, पण अर्थ जनावर. आणि ‘सोङसान’, म्हणजे आपला संसार, याचा अर्थ तिकडे कीव करणे! (आमच्या काही वाचकांस हा अर्थ सयुक्तिक वाटेल, तो भाग निराळा.) शिवाय कोणापुढे कोणता शब्द वापरावा हेही शिकावे लागते. जेवणे ही एकच क्रिया. पण घरगुती बोलण्यात ‘किन’, सभ्य बोलण्यात ‘रप्-प्रथान’, भिक्षूंसाठी ‘छन’ आणि राजासाठी ‘सवोइ’. संस्कृताच्या भरवशावर अंदाजाने बोलणारा येथे हमखास फसतो. हे ज्ञान गुरूपाशी बसून, पुष्कळ वाचून आणि चुका सुधारून घेऊनच येते.

या बाबतीत धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते. गोव्यातील साखवाळ येथे 1876 साली जन्मलेल्या या गृहस्थांनी काशीस संस्कृताचे अध्ययन केले होते. पाली ही संस्कृताची सख्खी आप्त. काशीचे संस्कृत पाठीशी घेऊन घरीच पुस्तके चाळणे त्यांस अशक्य नव्हते. पण तेवढ्यावर न थांबता ते 1902 साली सिंहलद्वीपी गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणी बसले. पालीचे ग्रंथ तेथे सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, तर सयामच्या राजाने 1893 च्या सुमारास छापविलेले त्रिपिटकाचे 39 खंड सयामी लिपीत; तेव्हा विद्यार्थ्यास परक्या लिपीची भीती बाळगून चालणारे नव्हते. या विद्येची किंमत मात्र घरानेही मोजली. पत्नी व लहान मुलगी यांस मागे ठेवून ते निघाले होते. पुढे 1912 पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली, आणि आपल्या मुलांस ती विद्या मिळविण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण उरले नाही.

आज कोणास घर असे सोडावे लागू नये. परंतु त्यासाठी घरानेच थोडे पुढे यावयास हवे. वर्षभरात नोकरी न दिसली म्हणून मुलीस परत बोलावणे, किंवा चार वाक्ये येताच ‘झाली भाषा’ म्हणून कौतुक करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक. संत्र्याचे कलम लावणारा बागाईतदार पहिल्या वर्षी फळ मागत नाही. तो चार-पाच वर्षे पाणी देतो आणि वाट पाहतो. मुलांच्या विद्येस तेवढी मुदत देण्याची घरातील वडिलांची तयारी नसेल, तर थाईचा पहिला धडाही न घेतलेला बरा; आणि असेल, तर उपयोगाचा प्रश्न तूर्त बाजूस ठेवण्यास हरकत नाही.