राजीनाम्यापूर्वींचा हिशेब

नोकरी सोडणें ही आपल्याकडे एका माणसाची गोष्ट समजली जाते. राजीनामा दिला, नोटिशीची मुदत भरली, कीं माणूस मोकळा झाला. त्यामुळें कोणी देश सोडीत नाहीं. परंतु परक्या देशांत ज्याचें राहणेंच नोकरीवर अवलंबून असतें, त्याचा राजीनामा हा साऱ्या कुटुंबाचा राजीनामा असतो. अमेरिकेहून परत येऊं इच्छिणाऱ्या मुलास किंवा लेकीस आपण सहज लिहितों, 'मग या कीं निघून, अडचण कसली?' ती अडचण कसली, तेंच आज सांगावयाचें आहे.

एक कुटुंब डोळ्यांपुढें आणूं. न्यू जर्सींत नोकरी करणारा अभियंता, त्याची पत्नी, पुण्यास जन्मलेली बारा वर्षांची मुलगी आणि तिकडेच जन्मलेला सहा वर्षांचा मुलगा. घर एक, चूल एक. परंतु कायद्याच्या दृष्टीनें या चौघांची स्थिति तीन प्रकारची आहे. अभियंत्याचा व्हिसा 'एच-१-बी' नांवाचा. त्यासाठीं अर्ज करतो तो मालक, आणि त्याची एकंदर मुदत सामान्यतः सहा वर्षांची. पत्नी व मुलगी 'एच-४' वर, म्हणजे अभियंत्याच्या व्हिशाच्या सावलींत. मुलगा मात्र १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीनें जन्मतःच अमेरिकेचा नागरिक.

नोकरी संपली कीं पहिल्या तिघांचा आधार सुटतो. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानें अशा कुटुंबास जास्तींत जास्त ६० दिवस राहण्याची सवलत दिली. राहण्याच्या परवानगीची मुदत त्याआधींच संपत असेल तर तेवढेच दिवस. ही सवलत आहे, हक्क नव्हे. ती कमी करण्याचा अधिकार सरकारनें आपल्या हातीं ठेविला आहे. या अवधींत काम करतां येत नाहीं. दुसऱ्या मालकानें या मुदतींत रीतसर अर्ज केला, तरच थांबून त्याच्याकडे कामास लागतां येतें. नाहीं तर सामान्यतः निघणें प्राप्त.

दिवस मोजावयाचे ते राजीनाम्याच्या तारखेपासून नव्हेत, तर नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर. हा शेवटचा दिवस ३१ मे धरला, तर साठावा दिवस ३० जुलै येतो. तिकडील शाळा जूनच्या उत्तरार्धांत सुटतात. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्यें उघडतात. म्हणजे मुलीचें वर्षही पुरें होतें आणि इकडील वर्गांत ती फार मागें पडत नाहीं. तोच दिवस डिसेंबरांत आला, तर भर वर्षांत तिला वर्गांतून उठावें लागेल.

आतां त्या धाकट्याकडे वळूं. बापाचें स्वदेशीं परतणें हें या मुलाचें परदेशगमन आहे! त्याच्यापाशीं अमेरिकेचा पासपोर्ट. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. त्याला एक तर व्हिसा हवा, नाहीं तर २००५ सालच्या कायद्यानें सुरू झालेली 'ओसीआय' नोंदणी हवी. या नोंदणीनें त्याला आजन्म येथें येतां व राहतां येईल. परंतु मत देतां येणार नाहीं, कीं शेतजमीन विकत घेतां येणार नाहीं. तिच्यासाठीं आईबापांचीं कागदपत्रें जुळवावीं लागतात व त्यांत आठवडे जातात. म्हणून ती राजीनाम्याच्या आधींच सुरू करावी.

पैशाचेंही थोडें पाहूं. मालकानें मुदतीपूर्वीं कामावरून काढलें, तर त्या नोकराच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकावर पडतो, कुटुंबाचा नव्हे. आणि आपण होऊन नोकरी सोडणाऱ्यास तोही मिळत नाहीं. '४०१-के' या निवृत्तिखात्यांतील रक्कम साडेएकोणसाठ वर्षांच्या आंत काढल्यास नेहमींच्या करावर बहुधा आणखी १० टक्के कर बसतो. म्हणून निघण्याच्या गडबडींत तें खातें रिकामें करूं नये.

'नाहीं जमलें तर पुन्हा जाऊं,' असें पुष्कळ जण म्हणतात. सहा वर्षांपैकीं उरलेला काळ नंतर वापरण्याची सोय कायद्यांत आहे खरी. परंतु देशाबाहेरील माणसासाठीं केल्या जाणाऱ्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय फर्मानानें एक लक्ष डॉलर भरण्याची अट घातली. दारें अशीं एका रात्रींत बदलतात. परतीच्या दाराच्या भरंवशावर घर मोडूं नये. मोडावयाचें तर इकडे येण्याच्याच निश्चयानें.

सर्वांत अवघड हिशेब कागदाचा नव्हे, तर त्या मुलीचा. दोन वर्षांची असतां ती गेली. तिच्या मैत्रिणी, तिची भाषा, तिची शाळा सारें तिकडचें. मोठा झाल्यावर तिचा भाऊ वाटेल तेव्हां तिकडे जाऊं शकेल. तिला मात्र व्हिसा मागावा लागेल. एकाच ताटांत जेवणाऱ्या दोन भावंडांत कायद्यानें काढलेली ही रेघ आहे. ती तिला विमानतळावर दुसऱ्याच्या तोंडून कळूं नये. आईबापांनीं घरांत, वेळेवर, शांतपणें सांगावी. आणि इकडील आजीआजोबांनीं 'ही आमचीच' एवढें म्हणून थांबूं नये; 'तुझें तिकडे काय राहिलें?' हेंही तिला विचारावें.

राजीनाम्याचें पत्र दहा मिनिटांत लिहून होतें. त्यावरची तारीख ठरविण्यास सहा महिने लागले, तरी ते वायां गेले असें कोणीं समजूं नये.