अंग कोणाच्या हाती द्यावे?

वर्षातून एक दिवस असा येतो, की एरवी तेलाच्या बोटालाही नाक मुरडणारा गृहस्थ भल्या पहाटे निमूटपणे पाटावर बसतो आणि घरच्या माणसांकडून अंगाला तेल लावून घेतो. नरकचतुर्दशीचे अभ्यंग म्हणजे घराघरांत टिकून राहिलेली मालिशच होय. आधी तेल, मग उटणे, मग कढत पाणी, हा क्रम आजीने घालून दिलेला; त्यात निवडीचा प्रश्नच नव्हता. परंतु दिवाळी सरते, एखाद्या सकाळी पाठ धरते किंवा मान आखडते, आणि हाच गृहस्थ रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागतो. एकीवर केरळी मालिश, दुसरीवर स्वीडिश, तिसरीवर थाई, चौथीवर ‘डीप टिश्यू’! खानावळीतल्या पदार्थांसारखी यादी समोर आली, की माणूस दर पाहून निवड करतो. कधी ती लाभते. कधी चार दिवसांत बरे होणारे दुखणे जन्माचे होऊन बसते. तेव्हा या मंडळींची आधी नीट ओळख करून घ्यावी, हे बरे.

पहिला मान घरच्या शास्त्राचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाची थोरवी सांगताना घागर, कातडे आणि गाडीचा आस यांचे दृष्टान्त दिले आहेत. तेलाच्या ओलाव्याने या तिन्ही वस्तू जशा टिकतात, तसे शरीर टिकते. वाग्भटाने तर अभ्यंग नित्य करावा आणि डोके, कान व पाय यांवर विशेष करावा, असे सांगितले आहे. पण लगोलग कोणी करू नये हेही बजावले आहे: कफ वाढलेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतेच शोधन घेतलेल्याने. पाटी रंगविणारा ही दुसरी बाजू सहसा रंगवीत नाही. शास्त्रात तेलाखेरीज कोरड्या चूर्णाने अंग चोळण्याचा प्रकारही आहे. त्याला उद्वर्तन म्हणतात. आपले दिवाळीचे उटणे ते हेच.

केरळात ही विद्या फार निगुतीने जपली गेली. लाकडी द्रोणीत रुग्णाला निजवून दोन माणसे दोन बाजूंनी एका तालात हात चालवतात. पिळिच्चिल या प्रकारात कोमट तेलात भिजविलेल्या फडक्यांची धार अंगावर धरतात. कळरीच्या आखाड्यात तर गुरू वर बांधलेल्या दोराला धरून पायांनी मर्दन करतात. या उपचारांचा मोसम तिकडे ऐन पावसाळ्यातला, कर्किटकम् महिन्यातला मानतात.

आता स्वीडिश. हे नाव स्टॉकहोमच्या पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांच्याशी जोडले जाते. परंतु त्यांची खरी कामगिरी व्यायामपद्धतीची. आज चालणाऱ्या हातांची मांडणी आम्स्टरडॅमचे डॉक्टर योहान मेत्झगर (१८३८–१९०९) यांच्याकडे जाते. त्यांच्या परंपरेत हातांना फ्रेंच नावे मिळाली. ती उच्चारायला कठीण, पण समजायला सोपी आहेत: एक, तळहाताने हलकेच चोपडणे, दोन, कणीक तिंबावी तसे मळणे, तीन, एका जागी रगडणे, चार, थापट्या मारणे. आपल्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईला यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. चारही हात मात्र ठाऊक होते.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली, असेही नव्हे. पाटण्याचा शेख दीन मुहम्मद (१७५९–१८५१) इंग्लंडात ब्रायटनला गेला आणि तेथे त्याने वाफेच्या स्नानाबरोबर चंपीचे दुकान थाटले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो अधिकृत ‘शाम्पू’ वैद्य झाला. आज केस धुण्याच्या बाटलीवर दिसणारा शाम्पू हा शब्द मुळात आपल्या चांपण्याचाच. ‘प्यासा’ (१९५७) चित्रपटात तेलाच्या बाटल्या घेऊन फिरणारा जॉनी वॉकर ज्यांनी पाहिला, त्यांना ही वंशावळ सांगायला नको.

थाई मालिशीत तेल नाही. अंगावर सैल कपडे, खाली चटई, आणि दाबण्याबरोबर हातपाय ताणणे. बँकॉकचे वाट फो मंदिर हे तिचे नामांकित विद्यापीठ. २०१९ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. जपानी शियात्सु हीही कोरडीच, अंगठ्यांनी दाब देण्याची. डीप टिश्यू म्हणजे खोलवरच्या स्नायूंपर्यंत पोचणारा जोरकस हात; कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतल्या पैलवानाला त्याचे मुळीच नवल वाटणार नाही. जोर-बैठका झाल्या, हौद्यातली माती झटकली, की एकमेकांचे अंग रगडणे हा तिथल्या दिनक्रमाचा भागच. मात्र तो हात कमावलेल्या अंगासाठी आहे. साठीच्या, हाडे ठिसूळ झालेल्या गृहस्थाने तो हौसेने मागू नये.

एवढ्या सर्वांतून लाभ किती? स्नायू सैल होतात, झोप लागते, मनाचा ताण उतरतो. पाठीचे जुने दुखणे काही काळ हलके होते आणि व्यायामानंतरचा ठणका थोडा कमी होतो. याला आधुनिक परीक्षणांत आधार सापडतो. पण आराम बहुधा तात्पुरताच. स्नायूंतले लॅक्टिक ॲसिड मालिशीने ‘निघून जाते’, ही मात्र कहाणी. श्रमानंतर तासाभरात शरीर ते आपले आपणच निपटते. अंगातली विषे बाहेर पडतात आणि चरबी वितळते, या गोष्टीही त्याच माळेतल्या.

हा झाला लाभाचा हिशेब. धोक्याचा हिशेब अधिक महत्त्वाचा, आणि तो पाठ करून ठेवण्याजोगा आहे.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली, तर तिला कोणालाही हात लावू देऊ नये. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि रगडण्याने ती सुटून फुप्फुसात गेली, तर प्राणावर बेतते. अशा वेळी मालिशवाला नव्हे, डॉक्टर गाठावा.

हजामतीनंतर खुर्चीतच मान ‘कट्कन’ मोडून घेण्याची हौस अनेकांना असते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर चढतात. हिसक्याने धमनीचे आतले अस्तर फाटले, तर पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित घडते. पण फुकटच्या कट्किनीसाठी हा जुगार कशाला? हजामाला ‘मान राहू दे’ एवढेच म्हणावे.

मूल झाडावरून पडले, कोपर सुजले, की गावोगावी तेल लावून चोळण्याची घाई होते. कोपराच्या दुखापतीत असे चोळल्याने स्नायूतच हाड धरू लागते आणि सांधा कायमचा आखडतो. अस्थिरोगाच्या दवाखान्यांत अशी मुले वर्षानुवर्षे येत आली आहेत. आधी एक्स-रे काढावा.

तान्ह्या बाळाला तेल लावावे, त्याला गोडही वाटते. पण हात हलका असावा. मोहरीचे तेल कोवळ्या कातडीला बाधते. त्यापेक्षा खोबरेल बरे. आणि नाकात तेलाचे थेंब तर मुळीच घालू नयेत. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. हे आजेसासूबाईंना समजावणे कठीण. तरी आईने तेवढा हट्ट धरावाच.

ताप, कातडीवरचा संसर्ग, ताजी जखम, रक्त पातळ करणारी औषधे, कर्करोगाचे उपचार, गर्भारपण, यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे.

मग निवड कशी करावी? पाटीवरचे नाव शेवटी पाहावे. आधी आपली गरज ओळखावी. नुसता शीण असेल, तर घरचे कोमट तेल आणि मायेचा हात पुरे. ताण घालवायचा असेल, तर स्वीडिश किंवा अभ्यंग. अंग आखडलेले पण निरोगी असेल, तर थाई. खेळाडूला जोरकस हात. दुखणे हातापायांत उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा बळ कमी झाले असेल, तर मात्र मालिश नव्हेच. डॉक्टर आणि त्यांच्या सल्ल्याने फिजिओथेरपिस्ट. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात या विद्येचे शिक्षण १९५२-५३ च्या सुमारास सुरू झाले, ते पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांची गरज पाहून. या विद्येत हाताबरोबर व्यायाम शिकवला जातो, आणि टिकाऊ गुण येतो तो व्यायामाने.

चांगल्या मालिशवाल्याची खूण सांगावी, तर ती अशी, की तो हात लावण्याआधी विचारतो: काय होते, कधीपासून, कोणती औषधे चालू आहेत? आणि ‘दुखते’ म्हटले की थांबतो. ‘दुखल्याशिवाय बरे कसे होईल?’ म्हणून अधिकच जोर लावणाऱ्याचे पैसे चुकते करावेत आणि उठावे. तेल पुसायला घरी टॉवेल आहेच.