चित्रात नसलेला वारा

ब्रुसेल्सच्या शाही ललित कला संग्रहालयात ब्रुगेल या चित्रकाराच्या नावावरचं एक चित्र आहे: इकॅरस समुद्रात पडतो त्याचं. समोर शेतकरी नांगर धरून चाललाय, मेंढपाळ मान वर करून आभाळ बघतोय, गलबताची शिडं वाऱ्यानं फुगलीत. मेणाचे पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेलेला तो ग्रीक पोरगा मात्र दिसत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात बघा. पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय, बस्स, तोच इकॅरस!

या दोन पायांनी कवींना वेड लावलं. १९३८च्या हिवाळ्यात डब्ल्यू. एच. ऑडन ब्रुसेल्सला होता. त्यानं लिहिलं ते जगाच्या दुर्लक्षाबद्दल: कुणाचा तरी जीव जात असतो आणि बाकीच्यांची कामं सुरूच असतात. पुढे अमेरिकेतल्या विल्यम कार्लोस विल्यम्सनंही हेच चित्र घेतलं. हा पेशानं डॉक्टर, आयुष्यभर रुग्ण तपासता तपासता कविता लिहिणारा. त्याच्या कवितेत तीन-तीन ओळींची सात कडवी आहेत, आणि ओळी इतक्या तोकड्या की एका श्वासात वाचून होतात. गंमत म्हणजे ऑडनची कविताही बरोबर २१ ओळींची! ब्रुगेलच्या चित्रांवरच्या कवितांचं विल्यम्सचं पुस्तक १९६२ साली आलं. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं, पण तेव्हा विल्यम्स हयात नव्हता.

आणखी एक चक्रावून टाकणारी गोष्ट. हे चित्र ब्रुगेलनं स्वतः रंगवलेलं नसावं, हरवलेल्या मूळ चित्राची ती जुनी नक्कल असावी, असं आता बरेच जाणकार मानतात. कवितांचं तेज त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

उलटा प्रवास

विल्यम्सच्या बाबतीत गाडी उलट्या दिशेनंही धावली. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर घंटा वाजवत जाणारा आगीचा बंब त्याला दिसला होता, त्यावर सोनेरी ५चा आकडा. त्यानं त्यावर छोटीशी कविता केली. त्याचा मित्र चार्ल्स डेमथ यानं १९२८मध्ये त्या कवितेचं चित्र काढलं. तोच आकडा तीनदा, लहानाचा मोठा होत अंगावर येणारा. चित्रात मित्राची आद्याक्षरं आणि 'बिल' हे लाडाचं नावही आहे. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हे चित्र पाहायला मिळतं.

याहून लांब साखळी हवी? वॉलेस स्टीव्हन्सनं १९३७मध्ये निळ्या गिटारवाल्यावर कविता लिहिली. ३३ भागांची, म्हणजे छोटी मुळीच नाही. तिच्यामागे पिकासोचा म्हातारा गिटारवादक आहे असं सगळे म्हणतात. चाळीस वर्षांनी डेव्हिड हॉकनीनं त्या कवितेवरून २० एचिंग्ज केली आणि शीर्षकातच सांगून टाकलं, की मला स्टीव्हन्सनं सुचवलं आणि स्टीव्हन्सला पिकासोनं. इतक्या मोकळेपणानं ऋण मानणारा कलावंत मला फार आवडतो.

खुरांभोवती फुलपाखरं

या सगळ्यातला माझा सर्वांत लाडका किस्सा मात्र चीनचा. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं हुइझोंग नावाचा सम्राट होता, स्वतः चित्रकार आणि कवी. त्याच्या चित्रशाळेच्या परीक्षेत कवितेची ओळ देत आणि तिचं चित्र काढायला सांगत. एकदा म्हणे विषय आला: फुलं तुडवून परतणाऱ्या घोड्याच्या खुरांना येणारा सुवास. आता सुवास रंगवायचा कसा? अनेकांनी फुलंच फुलं काढली. पहिला आला तो गडी, ज्यानं फुलं काढलीच नाहीत. नुसता घोडा, आणि खुरांमागे लागलेली फुलपाखरं!

चित्रावर कविता लिहायची युक्तीही हीच, फक्त उलटी. शाळेत 'चित्रवर्णन करा' म्हटलं की आपण लिहायचो, हे बाजाराचे चित्र आहे, एक बाई भाजी विकत आहे. भाजी तर सगळ्यांनाच दिसते. बाईच्या घरी कोण वाट बघतंय, हे चित्रात नाही. कवितेनं तिथं जायचं.

जपानी हैगामध्ये हे फार नजाकतीनं जमतं. एकाच कागदावर हायकू आणि मोजक्या फटकाऱ्यांचं चित्र. योसा बुसोन (१७१६–१७८४) दोन्हीत उस्ताद. चांगल्या हैगात चित्र आणि शब्द एकमेकांची री ओढत नाहीत, एकानं सोडलेली जागा दुसरा भरतो. चीनच्या चियानलाँग बादशहानं मात्र जागा सोडलीच नाही. त्याच्या नावावर चाळीस हजारांहून जास्त कविता आहेत, आणि त्यांतल्या कित्येक त्यानं संग्रहातल्या शतकानुशतकं जुन्या चित्रांवर थेट लिहिल्या. शिवाय शिक्के मारले ते वेगळेच. डोंगरांमधलं मोकळं आकाश त्याच्या अक्षरांनी भरलेलं पाहिलं की मला त्या मूळ चित्रकाराबद्दल वाईट वाटतं.

आपल्याकडे

रागमाला चित्रं आठवा. एका छोट्या चौकटीत एक रागिणी, आणि पुष्कळदा वरच्या पट्टीत तिचं वर्णन करणारं पद्य. राग, कविता आणि रंग एका पानावर! रवींद्रनाथांनी १९३३च्या 'विचित्रिता'मध्ये नंदलाल बसू, गगनेंद्रनाथ अशांच्या चित्रांवर कविता लिहिल्या. १९४०च्या 'चित्रलिपी'त तर चित्रंही त्यांचीच आणि सोबतच्या चिमुकल्या कविताही त्यांच्याच.

मराठीत या खेळासाठी हायकू तयारच आहे. शिरीष पैंनी तो आपल्याकडे रुजवला. चित्र कुठलं घ्यावं? मी सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर सुचवेन. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हातानं ज्योत जपणारी त्यांची ती बाई म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिला अनेक जण राजा रविवर्म्याचं चित्र समजतात. ते जलरंगातलं आहे हे कळलं की आणखी थक्क व्हायला होतं, कारण बोटांतून झिरपणारा तो लालसर उजेड पाण्याच्या रंगात पकडणं महाकठीण. चित्रासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी गीता.

दिवा, साडी, चेहरा, सगळं रंगवलंय. नाही रंगवलेला तो वारा, ज्याच्यासाठी हात आडवा आलाय. मी त्याच्यावरच लिहिलं:

हात आडवा
तळव्यास ठाऊक
वारा कुठला

पाच, सात, पाच अक्षरं. तुमचा हायकू वेगळा येईल. म्हैसूर लांब वाटत असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचं दालन आहे. सातारा जिल्ह्यात औंधला श्री भवानी संग्रहालयात तर खुद्द रविवर्म्याची चित्रं आहेत. दहा चित्रांपुढून भरभर जाऊ नका. एकच निवडा, कोपरे आधी बघा, मग चित्रातली माणसं कुठं बघतायत ते बघा. त्यांची नजर चौकटीबाहेर जात असेल, तर पहिली ओळ तिथूनच सुरू करा.