उशिरां येणारीं मुलें

वर्गांत उशिरां येणारा विद्यार्थी आळशीच असावयाचा, अशी आम्हां शिक्षकांची बहुधा समजूत असते. आमचीहि होती. नववींतील एक मुलगी आठवड्यांतून तीन वेळां उशिरां येई, व आम्ही तिला दाराबाहेर उभी करीत असूं. पुढें कळलें, कीं पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या आजीचें तोंड धुवून, तिला पेज भरवून व औषध देऊन मगच ती घर सोडीत असे. बाप होडीवर, आई पहांटेसच मासळीची पाटी घेऊन विरारच्या बाजारीं गेलेली. मग आजीपाशीं दुसरें कोण राहणार? त्या दिवशीं आम्हांस स्वतःची लाज वाटली, हें येथें कबूल केलेंच पाहिजे.

अशीं मुलें अर्नाळ्यासारख्या गांवांत विरळा नाहींत. कोळीवाड्याचा धंदा पहांटेचा. शिवाय 1 जून ते 31 जुलै या काळांत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस सरकारी बंदी असल्यामुळें मिळकत थांबते, व रुग्णासाठीं मोलानें माणूस ठेवणें अशक्य होतें. मग शुश्रूषेचा भार घरच्या मुलांवर, त्यांतहि मुलींवर पडतो.

येथें एक भेद ध्यानांत धरावा. आजोबांस पाण्याचा तांब्या नेऊन देणें हा संस्कार होय. त्यानें मूल शहाणें होतें. परंतु प्रौढ रुग्णास उचलणें, रात्रीं वारंवार उठणें, औषधांच्या वेळा एकट्यानें सांभाळणें, हें त्या मर्यादेपलीकडचें आहे. त्यानें झोप मोडते, पाठ दुखते, अभ्यास मागें पडतो. आणि घराची अब्रू जाईल या भयानें मूल कोणास कांहीं सांगतहि नाहीं.

इंग्लंडांत 2014 च्या कायद्यानें अशा मुलांच्या गरजा पाहण्याचें काम स्थानिक संस्थांकडे सोपविलें आहे. आपल्याकडील 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 6 ते 14 वर्षांपर्यंतच पुरतो, आणि नेमकी त्याच वयानंतर मुलगी घरीं बसविली जाते. तथापि कांहीं दारें उघडीं आहेत. आई किंवा बाप गंभीर आजारी असल्यास राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेसाठीं जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे अर्ज करतां येतो. 2023 पासून तिचें अनुदान दरमहा 2,250 रुपये आहे. 1098 हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनि अहोरात्र व विनामूल्य चालतो.

शाळेस काय करतां येईल? त्या मुलीस आम्ही एकांतीं विचारलें. तिचा उशीर हजेरींत धरला नाहीं. मधल्या सुट्टींत गृहपाठ करूं दिला. एका शेजारणीनें सकाळीं तासभर आजीपाशीं बसण्याचें पत्करलें. मुलगी पुढें दहावी उत्तीर्ण झाली. खर्च कांहींच आला नाहीं. विचारणारें माणूस तेवढें हवें होतें.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या बाकावर असें कोणी असेल, तर त्याच्या उशिराची थट्टा करूं नका. आपली वही त्याला द्या. आणि तें मूल तूंच असशील, तर बाळ, आम्हांस येऊन सांग. आम्ही रागावणार नाहीं.