आधी बशी, मग सुई

वय वर्षं १३, डायबेटिस आणि वर जेवणाचे नखरे... घरातल्या 'सीनियर सिटिझन' बोक्याचं टाइमटेबल सांभाळताना उडालेली तारांबळ!

संध्याकाळचे सव्वासहा. हिंजवडी फेज टू. मीटिंग ऐन रंगात आलेली आणि मी हळूच लॅपटॉप मिटते.

"आत्ताच निघालीस?"

"हो, आठला इन्सुलिन द्यायचंय."

"अच्छा, बाबांना का?"

"नाही गं, बाबा त्यांचं ते घेतात. बोक्याला द्यायचंय."

मग तीन सेकंद शांतता. आणि नंतर कोणीतरी फिस्सकन हसतं. दर नव्या प्रोजेक्टला हा सीन ठरलेला! हसणाऱ्यांचा मला राग येत नाही. दीड वर्षापूर्वी मीही हसलेच असते. मांजराला डायबेटिस? हे काय नवीन फॅड?

तर, आमचा मन्या. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पार्किंगमध्ये, स्कूटरच्या सीटखाली सापडलेलं मुठीएवढं पिल्लू. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये 'दोन दिवसांसाठी' आला, त्याला आता तेरा वर्षं झाली. ऑपरेशन झालेला, घराबाहेर न पडणारा, सहा किलोंचा राजेशाही बोका. बाबा त्याला 'साहेब' म्हणतात. त्याच्या वाडग्यात ड्राय फूडचे दाणे दिवसभर भरलेले असायचे आणि साहेब येता-जाता तोंड टाकायचे.

'बारीक झालाय, मस्त दिसतोय!'

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात साहेब पाणी प्यायला लागले. म्हणजे नेहमीसारखं नाही, तर बाथरूममधल्या बादलीवर पुढचे दोन पाय ठेवून, मिनिटभर, लपालप. वाळूचा ट्रे दिवसातून दोनदा बदलावा लागायला लागला. खाणं दणकून, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला. आणि आम्ही काय म्हणालो? "वा, बारीक झालाय, मस्त दिसतोय!" मांजरांच्या डायबेटिसची अगदी पुस्तकी लक्षणं आहेत ही. घरात डायबेटिसचा पेशंट असूनही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला मन्या ओट्यावर उडी मारायला गेला आणि खाली घसरला तेव्हा. त्याचे मागचे पायही विचित्र पडत होते. मांजर पंजावर चालतं, हा चक्क मागचा अख्खा घोटा जमिनीला टेकवून सशासारखा चालत होता. साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की नसांवर परिणाम होतो आणि मांजरं अशी चालतात, हे दवाखान्यात कळलं.

शुगर निघाली ४१२. पण आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "या एका आकड्यावर मी काही ठरवणार नाही." दवाखान्यात आलेलं मांजर इतकं घाबरलेलं असतं की नुसत्या भीतीनंही शुगर वर जाते. म्हणून त्यांनी लघवी तपासली आणि फ्रुक्टोसामिन नावाची टेस्ट केली. मागच्या दोन-तीन आठवड्यांत साखर साधारण किती होती, ते या टेस्टमधून कळतं. आपल्या एचबीएवनसीची धाकटी बहीणच म्हणा ना. तीही वाढलेली निघाली. शिक्कामोर्तब!

आईचा पहिला प्रश्न, "पण याला मी कधी साखर घातली नाही गं!" खरंच होतं. मांजरांना तर गोड चवच कळत नाही. जिभेवर गोड ओळखायला जे जीन लागतं ते मांजरकुळात निकामी झालेलं आहे, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. घरचं मांजर असो नाहीतर वाघ, जिलबी दोघांनाही मातीसमान! मांजराचा डायबेटिस बऱ्याच अंशी माणसाच्या टाइप टू सारखा. वाढलेलं वजन, वाढलेलं वय, बसून राहणं आणि ऑपरेशन झालेला बोका असणं, या सगळ्यानं धोका वाढतो. मन्या चारही बाबतींत पैकीच्या पैकी!

एका फ्रिजमध्ये दोन बाटल्या

औषध ठरलं, ग्लार्जिन इन्सुलिन. माणसांचंच. दर बारा तासांनी दोन युनिट, सकाळी आठ आणि रात्री आठ. इंजेक्शन देणं मला वाटलं होतं त्याच्या दहा टक्केही अवघड नव्हतं. कुशीवरची कातडी चिमटीत धरून छोटासा तंबू करायचा, केसाएवढी सुई आत, संपलं. मन्या बशीतलं चाटत असतो, त्याला पत्ताही लागत नाही.

जेवणही बदललं. ड्राय फूड हळूहळू बंद, त्याऐवजी कमी कार्बोहायड्रेट, जास्त प्रोटीनचं ओलं खाणं. "सुरुवातीलाच शुगर नीट आटोक्यात आली तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही," डॉक्टर म्हणाल्या. झालं, मी लगेच स्वप्नं बघायला लागले.

एक गोष्ट मात्र त्यांनी तीनदा बजावली. बाबांच्या इन्सुलिनची बाटली यू-४०, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. मन्याची यू-१००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. यू-४० ची टोपी लाल, यू-१०० ची केशरी. "अदलाबदल नको हं." मी मान डोलावली. आयटीवाल्यांना कोणी कलर कोडिंग शिकवायचं का?

साहेबांची एकादशी

पहिले दोन महिने झकास गेले. मग मन्याचं जेवण बिनसलं. बशीशी यायचा, वास घ्यायचा, ओठ चाटायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा. आधी वाटलं नखरे आहेत. नवीन ब्रँड आणला, मग आणखी नवीन. ओट्यावर सात प्रकारचे डबे झाले आणि साहेब मात्र पडद्यामागे.

टेन्शन दुहेरी होतं. इन्सुलिन दिलं आणि पोटात काही नसलं तर शुगर धाडकन खाली येणार. नाही दिलं तर वर जाणार आणि शरीरात कीटोन्स साठायला लागले तर जिवावर बेतणार. वर तिसरी भानगड. मांजराला उपास झेपतच नाही! दोन-तीन दिवस पोटात अन्न गेलं नाही की अंगावरची चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते, जाड्या मांजरांमध्ये तर जास्तच. आई निर्जळी एकादशी करून दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या लाटू शकते, बोका नाही करू शकत.

आणि मग ती रात्र आली. चांदणी चौकात अडकून मी साडेआठला घरी पोचले. खांद्याला बॅग तशीच, कानाला फोन, ऑफिसचा कॉल चालूच. मन्यानं बशीत दोन-तीनदा जीभ लावली. मी मनाशी म्हटलं, 'चला, खातोय.' फ्रिजमधून बाटली काढली, ड्रॉवरमधून सिरिंज काढली, दोन युनिट भरलं, दिलं.

साडेबाराला पाणी प्यायला उठले तर मन्या वॉशिंग मशिनच्या मागे. हाक मारली तर मान डुगडुगत होती. उभा राहायला गेला आणि आडवा पडला. बाबांच्या ग्लुकोमीटरवर शुगर लावली, ४६. डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हिरड्यांना मध चोळ, तोंडात ओतू नकोस, आणि लगेच निघ." बाबांनी गाडी काढली. मी मागच्या सीटवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला मन्या घेऊन, बोटाला मध लावून बसले होते. रात्रभर ग्लुकोजचं सलाइन. सकाळी सहाला त्यानं माझ्याकडे बघून एक बारीकसं 'म्यांव' केलं आणि मी दवाखान्याच्या बाकावर ढसाढसा रडले.

घरी येऊन कचऱ्याचा डबा उघडला. वरच पडली होती... लाल टोपी.

हिशोब सोपा आहे. लाल सिरिंजच्या दोन रेघा यू-१०० च्या बाटलीतून भरल्या की दोन नाही, पाच युनिट जातात. अडीचपट! तेही जवळजवळ उपाशी पोटी. चूक ट्रॅफिकची नव्हती, ऑफिसची नव्हती. माझी होती. डॉक्टरांना सांगताना माझा आवाज फुटेना. त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस, नाहीतर मी भलताच डोस कमी करत बसले असते. आता मुख्य गोष्ट बघू. तो खात का नाही?"

नखरे नव्हतेच ते

हा प्रश्न मी पंधरा दिवसांत एकदाही नीट विचारला नव्हता. मी फक्त डबे बदलत होते.

उत्तरं दोन निघाली. एक दाढ मुळापासून सडलेली. आणि स्वादुपिंडाला सूज. डायबेटिस असलेल्या मांजरांमध्ये ही सूज बऱ्याचदा आढळते. म्हातारी मांजरं जेवत नसली तर किडनी, बद्धकोष्ठ, मळमळ हेही तपासावं लागतं. मन्याचं ते ओठ चाटणं आठवतंय? ते मळमळीचं लक्षण होतं. भूक होती, पण दुखत होतं आणि उमळत होतं. आणि आम्ही म्हणत होतो, 'लाडावलाय'!

मळमळ थांबवायचं औषध, दुखण्यावरचं औषध, आणि तब्येत जरा सावरल्यावर दाढ काढली. भूक वाढवायला काही दिवस मिर्टाझेपीन दिलं, अर्थात डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच. भुकेचं प्रत्येक औषध चालत नाही हेही तेव्हाच कळलं. कॅप्रोमोरेलिन नावाचं एक औषध शुगर वाढवतं, म्हणून डायबेटिसच्या मांजरांना ते टाळतात.

न्यू जर्सीच्या मावसभावानं मेसेज टाकला, 'इकडे आता गोळी निघालीये, सुया कशाला टोचतेस?' बरोबर होतं त्याचं. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिनचं तोंडानं द्यायचं द्रावण मांजरांसाठी मंजूर झालं. पण ती औषधं बाकी ठणठणीत असलेल्या आणि आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत. ती चालू असताना शुगरचा आकडा चांगला दिसत असला तरी कीटोन्स वाढू शकतात. न जेवणाऱ्या मन्यासाठी हा मार्ग बंदच होता.

मग डॉक्टरांनी मला एक फंडा दिला. "सध्या परफेक्ट डाएट विसर. त्यानं खाल्लेलं साधं अन्न, त्यानं न खाल्लेल्या भारी अन्नापेक्षा चांगलं. आधी बशी, मग सुई."

घरातलं सगळं तंत्रच बदललं. खाणं फ्रिजमधून काढून थेट द्यायचं नाही, कोमट करायचं. म्हाताऱ्या मांजराची अर्धी भूक नाकात असते. खोल वाडग्याऐवजी पसरट बशी. एकदम ढीगभर नाही, दोन चमचे, मग पुन्हा दोन चमचे. बिनमिठाचं उकडलेलं चिकन वरून कुस्करून. कांदा-लसूण लागलेलं काहीही नाही, ते मांजरांना विषारी असतं. रश्श्यातला तुकडा 'धुऊन' द्यायची आईची पद्धत कायमची बंद! आणि बळजबरीनं कोंबायचं तर मुळीच नाही. मळमळत असताना जे कोंबाल, त्या अन्नाचाच त्याला तिटकारा बसतो.

गोव्याच्या ट्रिपसाठी साठवलेले पैसे या सगळ्यात गेले. फोटो नाही टाकता आले, इतकंच.

फ्रिजवरची वही

आता फ्रिजला दोरीनं बांधलेली वही आहे. खाणं किती ग्रॅम, शुगर किती, डोस किती, कोणी दिला. शुगर घरीच बघतो, कानाच्या कडेला टोचून. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची शुगर थोडी कमी दाखवतो, म्हणून मीटर एकच ठेवायचा आणि आकड्यांचा अर्थ डॉक्टरांना लावू द्यायचा. बाबांची बाटली आणि लाल टोप्या त्यांच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजपाशी गेल्या. किचनमध्ये फक्त केशरी.

मी अडकले तर आठचा डोस बाबा देतात. गंमत म्हणजे, गेल्या दिवाळीपासून वहीत एक नवा रकाना आलाय, 'स्वतः'. स्वतःची शुगर लिहायचा कंटाळा करणारे माझे बाबा आता साहेबांच्या शेजारी आपलाही आकडा टाकतात. आईनं आणि मी वर्षानुवर्षं डोकं फोडून जे जमलं नव्हतं, ते बोक्यानं करून दाखवलं.

मन्याचं इन्सुलिन सुटलं नाही. सुटेल असं मी आता धरूनही चालत नाही. वजन ४.४ वरून ४.९ किलो झालंय. पाय पुष्कळ सुधारलेत, पण ओट्यावर उडी मारत नाही, खुर्चीवरून चढतो. मध्ये एकदा धीर करून डॉक्टरांना विचारलं, "अजून किती दिवस?" त्यांनी मलाच उलट विचारलं, "खातो का? अंग चाटून साफ करतो का? तू आलीस की दाराशी येतो का?" तिन्हींना हो म्हटलं. "मग हा प्रश्न ज्या दिवशी उत्तरं बदलतील त्या दिवशी विचार."

काल पुन्हा चांदणी चौकात अडकले. आठला पाच कमी असताना बाबांना फोन केला.

"साहेबांनी खाल्लं का?"

"बेचाळीस ग्रॅम. बशी चाटून पुसून."

"मग द्या."

---

फ्रिजवर लावा!

• खूप पाणी, खूप लघवी, दणकून खाऊनही वजन कमी, ही तीन लक्षणं दिसली की शुगर तपासून घ्या.

• इन्सुलिन यू-४० की यू-१००? बाटली आणि सिरिंज दर वेळी जुळवून बघा.

• मांजरानं नेहमीपेक्षा कमी खाल्लं, तर नेहमीचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

• लडखडणं, गळून जाणं, झटके आले तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

• दिवसभर काहीच खाल्लं नाही तर 'उद्या बघू' नको. सोबत उलट्या, मलूलपणा असेल तर त्याच क्षणी निघा.

• इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. ग्लार्जिनची बाटली जोरात हलवू नका.