एक लक्षण, दोन अर्थ

भाषेच्या अभ्यासकाला एक गोष्ट नित्य अनुभवास येते. 'पान' हा शब्द सुटा लिहिला, तर तो झाडाविषयी आहे, पुस्तकाविषयी की पंगतीविषयी, हे कळत नाही. अर्थ संदर्भाने ठरतो. शरीराच्या भाषेतही असे अनेकार्थी शब्द असतात. तेथे अर्थ लावताना चूक झाली, तर मात्र तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

एका रुग्णाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. कित्येक आठवडे बारीक ताप येतो, अन्न गोड लागत नाही, वजन उतरते, सांधे दुखतात. पायांवर जांभळट ठिपके उमटतात, लघवीतून रक्त जाते आणि मूत्रपिंडांचे कार्य मंदावते. या एकाच चित्राचे दोन अर्थ संभवतात.

पहिला अर्थ, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग. दातांतून, त्वचेतून वा अन्य मार्गाने रक्तात शिरलेले जिवाणू बहुधा आधीच बिघडलेल्या किंवा कृत्रिम झडपेवर ठाण मांडतात. तेथे वाढलेल्या पुंजक्यांचे कण सुटून मेंदू, प्लीहा, मूत्रपिंडे येथे जाऊन अडकतात. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये दिलेली या रोगावरील व्याख्याने वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत.

दुसरा अर्थ, रक्तवाहिन्यांचा दाह. येथे बाहेरचा शत्रू सापडत नाही. शरीरात निर्माण झालेली काही प्रतिपिंडे आपल्याच पांढऱ्या पेशींना चिथावतात आणि त्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतात. 'ॲन्का' नावाच्या या प्रतिपिंडांचे वर्णन १९८२ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी केले. १९८५ पासून त्यांची तपासणी या रोगाच्या निदानाचे मोठे साधन ठरली.

दोन्ही रोगांचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. पहिल्यात प्रतिजैविके शिरेतून बहुधा चार ते सहा आठवडे द्यावी लागतात. कधी झडपेवर शस्त्रक्रियाही करावी लागते. दुसऱ्यात स्टिरॉइड व तत्सम औषधांनी प्रतिकारशक्तीलाच आवर घालावा लागतो. जंतुसंसर्ग असताना हा आवर घातला, तर शत्रूला वेशीचे दार उघडून दिल्यासारखे होते. उलट, दाह असताना केवळ प्रतिजैविकांवर विसंबल्यास मूत्रपिंडे काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात.

खरी मेख पुढेच आहे. झडपेच्या जंतुसंसर्गातही काही रुग्णांमध्ये 'ॲन्का' आढळतात. 'बार्टोनेला' हा जिवाणू तर विशेष फसवा. तो नेहमीच्या रक्ततपासणीत सहसा वाढत नाही आणि 'ॲन्का' मात्र दाखवितो. म्हणून तपासणीचा एक कागद म्हणजे निकालपत्र नव्हे.

मग भेद कसा करावा? प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या जागी टोचून रक्ताचे किमान तीन नमुने 'ब्लड कल्चर'साठी घेतात. हृदयात नवी मर्मरध्वनी ऐकू येते का, प्लीहा वाढली आहे का, हे पाहतात. छातीवरून केलेल्या इकोत पुंजके दिसले नाहीत आणि शंका उरली, तर अन्ननलिकेतून इको करतात. रक्तातील 'सी-३' हे प्रथिन घटलेले असेल, तर संशय जंतुसंसर्गाकडे अधिक झुकतो. नाकात सतत खपल्या धरणे, सायनसचे जुने दुखणे, ही चिन्हे दाहाकडे बोट दाखवितात. गरज भासल्यास मूत्रपिंडाचा तुकडा तपासतात. यांतील कोणतेही एक चिन्ह निर्णायक नसते. सर्वांचा अन्वय लागला पाहिजे. झडपेच्या संसर्गासाठी १९९४ साली मांडलेल्या 'ड्यूक' निकषांचे तत्त्व हेच आहे. २०२३ साली ते नव्याने सुधारण्यात आले.

या निदानात रुग्णाच्या घरच्यांचाही वाटा असतो. लांबलेल्या तापावर दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून घेतल्या, तर ताप तात्पुरता उतरतो. पण जिवाणू रक्ताच्या नमुन्यात सापडेनासे होतात आणि डॉक्टरांच्या हातचा मुख्य पुरावाच पुसला जातो. लहानपणी सांधे सुजवून गेलेला ताप, झडपेचे जुने दुखणे वा शस्त्रक्रिया, नुकताच काढलेला दात, आधी घेतलेल्या गोळ्या, हे सारे न विचारताही डॉक्टरांना सांगावे. आपल्याला क्षुल्लक वाटणारा हा तपशील म्हणजेच तो संदर्भ होय. तो हाती आला, की वैद्याला लक्षणाचा खरा अर्थ लावता येतो.