गृहसुधारणा व्यवसायातील विक्री-सादरीकरणाची साधने : अमेरिकेतील अनुभवाचा अभ्यास

प्रस्तावना :

वाणिज्य शाखेत विक्रयकला हा विषय शिकविताना सादरीकरणाच्या साधनांचा घटक बहुधा एका यादीत संपतो. नमुने, छायाचित्रे, तक्ते, प्रात्यक्षिक आणि माहितीपत्रक अशी ती यादी असते. ग्राहकाचे लक्ष वेधणे व त्याच्या मनात खरेदीची इच्छा निर्माण करणे, हे या साधनांचे प्रयोजन म्हणून सांगितले जाते. दुकानातील वस्तूपुरते हे उत्तर पुरेसे आहे, कारण तेथे ग्राहक प्रत्यक्ष वस्तू हाताळू शकतो. छप्पर बदलणे, नव्या खिडक्या बसविणे, बाह्य भिंतींना आवरण घालणे किंवा स्वयंपाकघराची पुनर्रचना करणे ही कामे मात्र विक्रीच्या क्षणी अस्तित्वातच नसतात. ग्राहक कामाच्या चित्रावर विश्वास ठेवून सही करतो. त्यामुळे येथे साधनांवरील जबाबदारी वाढते. अमेरिकेत हा व्यवहार बहुतांशी ग्राहकाच्या घरी बसून होतो. तेथील अनुभवाच्या आधारे या साधनांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१. गृहसुधारणा ठेकेदार वापरत असलेल्या प्रमुख सादरीकरण-साधनांचा परिचय करून देणे.
२. या साधनांच्या मर्यादा व गैरवापराची कारणे तपासणे.
३. कायद्याने या साधनांत घडविलेला बदल स्पष्ट करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१९३४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याने अमेरिकेत घरदुरुस्तीसाठी दिल्या जाणाऱ्या बँक-कर्जांना शासकीय विम्याचे संरक्षण मिळाले. मंदीच्या काळात बांधकाम व्यवसायाला चालना देणे हा त्यामागील हेतू होता. कर्ज बुडाले तरी नुकसान मोठ्या प्रमाणात भरून निघणार असल्याने काही बँकांची छाननी सैल झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर या सोयीचा गैरफायदा घेणारे विक्रेते दारोदार फिरू लागले. त्यांची एक युक्ती प्रसिद्ध आहे. 'तुमचे घर आम्ही नमुना-घर म्हणून निवडले आहे. ते पाहून जो कोणी काम देईल, त्याच्या कामागे तुम्हाला दलाली मिळेल,' असे सांगून सही घेतली जाई. दलाली मिळत नसे आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरू होत. १९५४ मध्ये सिनेटच्या समितीने या गैरव्यवहारांची चौकशी केली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे भिंत-आवरण विकणारे विक्रेते इतके बदनाम झाले की १९८७ मध्ये त्यांच्यावर 'टिन मेन' हा चित्रपट निघाला. त्याची कथा १९६३ च्या बाल्टिमोर शहरात घडते. हे शहर ज्या मेरीलँड राज्यात आहे, तेथे १९६२ मध्ये गृहसुधारणा ठेकेदारांसाठी परवाना-कायदा झाला होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. फसवणुकीचे मूळ निकृष्ट मालापुरते मर्यादित नव्हते. जे तोंडी सांगितले गेले आणि जे कागदावर आले, त्यांतील अंतरातून ती घडत होती.

प्रमुख साधने व त्यांच्या मर्यादा :

अ) सादरीकरण-वही : यात पूर्ण केलेल्या कामांची 'आधी' व 'नंतर'ची छायाचित्रे, परवाना, विमा-प्रमाणपत्र आणि जुन्या ग्राहकांचे अभिप्राय असतात. ठेकेदार एकेक पान उलटत बोलतो. २०१० नंतर अनेक ठिकाणी या वहीची जागा टॅबलेटने घेतली. त्यावर ग्राहकाच्याच घराच्या छायाचित्रात नवा रंग किंवा नव्या खिडक्या दाखविता येतात. असे चित्र आकर्षक असले तरी त्यातून कामाचा दर्जा, मालाची जाडी किंवा मजुरांचे कौशल्य कळत नाही.

आ) नमुना व प्रात्यक्षिक : खिडकीचा कापलेला छेद दाखविणे ही जुनी पद्धत आहे. तापदायक दिव्यासमोर साधी काच व लेपित काच आळीपाळीने धरून मागील बाजूस हात ठेवावयास सांगणे, हे या व्यवसायातील परिचित प्रात्यक्षिक होय. लेपित काचेमागे उष्णता कमी जाणवते, हे खरे असते. मात्र हा प्रयोग काचेच्या एका तुकड्याचा असतो. चौकटीतून, फटींतून किंवा भिंतीतून जाणारी उष्णता त्यात येत नाही. त्यावरून वर्षाचे वीजबिल किती घटेल, याचा निष्कर्ष काढता येत नाही. २०१२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या संघीय आयोगाने खिडक्यांच्या पाच कंपन्यांवर ऊर्जाबचतीचे पुरेसे पुराव्याविना दावे केल्याबद्दल कारवाई केली, ती याच मुद्द्यावर होती.

इ) तीन पर्यायांचे दरपत्रक : साधा, मध्यम व उत्तम असे तीन दर एकत्र मांडले की बरेच ग्राहक मधला पर्याय निवडतात, हा विक्रेत्यांचा अनुभव आहे. तिन्ही पर्यायांतील फरक मालाच्या तपशिलासह लिहिला असेल तर हे साधन ग्राहकाच्या उपयोगाचे ठरते. केवळ किमती लिहिल्या असतील तर तो दबावाचा एक प्रकार ठरतो. 'हा दर आज रात्रीपुरताच आहे' हे वाक्य याच दबावाचे दुसरे रूप होय.

कायद्याने निर्माण केलेली साधने :

अमेरिकेतील नियमनाचे वैशिष्ट्य असे की त्याने सादरीकरणावर बंदी घातली नाही. विक्रेत्याच्या पिशवीत त्याने आणखी काही कागद ठेवावयास लावले.

फेडरल ट्रेड कमिशनने १९७२ मध्ये फेरविचाराच्या मुदतीचा नियम केला व तो १९७४ पासून अमलात आला. काही अपवाद वगळता, ग्राहकाच्या घरी झालेला २५ डॉलर किंवा अधिक रकमेचा व्यवहार तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. विक्रेत्याने हा हक्क तोंडी सांगावयाचा असतो आणि रद्दपत्राच्या दोन प्रती द्यावयाच्या असतात. करारपत्र ज्या भाषेत मुख्यतः तोंडी सादरीकरण झाले त्याच भाषेत असावे, हीही अट आहे. न्यू जर्सीतील एखाद्या मराठी कुटुंबाशी ठेकेदार मराठीत बोलून व्यवहार ठरवील, तर या नियमानुसार करारपत्रही मराठीत द्यावे लागेल. बोलणे व कागद यांतील अंतर मिटविण्याचा हा थेट उपाय आहे.

१९७९ च्या उष्णतारोधक सामग्रीविषयीच्या नियमाने मालाची उष्णतारोधक क्षमता एका ठराविक मापात सांगणारे माहितीपत्रक ग्राहकाला खरेदीपूर्वी दाखविणे बंधनकारक केले. काम झाल्यावर किती क्षेत्रावर, किती जाडीचा व किती क्षमतेचा थर बसविला, हे लेखी द्यावे लागते. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००८ च्या नियमानुसार, १९७८ पूर्वी बांधलेल्या घरात जुना रंग विस्कळीत होईल असे काम करण्यापूर्वी शिशाच्या धोक्याची पुस्तिका द्यावी लागते. कॅलिफोर्नियात गृहसुधारणेच्या करारावर सामान्यतः १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच आगाऊ घेता येते.

आपल्याकडील संदर्भ :

महाराष्ट्रातील शहरांत घर रंगविण्याचे किंवा फर्निचरचे काम बहुधा ओळखीतून ठरते. ठेकेदार शेडकार्ड दाखवितो आणि चौरस फुटाचा दर तोंडी सांगतो. पुढे वाद होतो तो रंगाच्या छटेवरून क्वचितच. भिंतीचे माप घेताना दारे-खिडक्यांची जागा वजा करावयाची की नाही, पुट्टीचे व रंगाचे हात किती, माल कोणी आणावयाचा, हे प्रश्न वादाचे असतात. शेडकार्डावर यांपैकी कशाचेही उत्तर नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील उणिवेबद्दल तक्रार करता येते. परंतु काय ठरले होते याचा लेखी पुरावा नसेल तर ती सिद्ध करणे कठीण जाते. या अनिश्चिततेचा फटका प्रामाणिक ठेकेदारालाही बसतो. शेवटची रक्कम अडली की त्याच्याकडेही दाखविण्यासाठी कागद नसतो.

निष्कर्ष :

१. गृहसुधारणा व्यवसायात सादरीकरणाचे साधन हे मन वळविण्याचे माध्यम असते, तसेच वचनाची नोंदही असते. दुसरी बाजू दुर्लक्षिली की पहिली फसवणुकीकडे झुकते.
२. साधन वहीचे आहे की टॅबलेटचे, हा गौण प्रश्न आहे. ठेकेदार उठून गेल्यावर ग्राहकाच्या हाती काय उरते, ही साधनाची खरी कसोटी होय.
३. माप, मालाचा प्रकार व जाडी, कामाचे टप्पे, हप्ते, मुदत आणि हमी एवढे एका पानावर लिहिलेले दरपत्रक हे लहान ठेकेदारालाही परवडणारे सर्वांत उपयुक्त साधन आहे.
४. विक्रयकलेच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांकडून भाषण करून घेतले जाते. त्याबरोबर असे एक दरपत्रक लिहून घेतल्यास विषय व्यवहाराशी जोडला जाईल.

घर ही सामान्य कुटुंबाची आयुष्यभराची कमाई असते. तिच्यावर खर्च करण्याचा निर्णय एका संध्याकाळच्या बोलण्यावर सोपविला जाऊ नये, हाच या अनुभवाचा मथितार्थ आहे.